आपल्या प्लॉटचा पत्ता: जीपीएसचे आकडे कसे वाचायचे, कसे बदलायचे, कसे लिहायचे

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात संघटनेच्या नकाशा गटाने केलेलं भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून कायद्यावर बोलणं झालं. आता जेवणं झाली आहेत, डोळे जड झाले आहेत, आणि नेमकं याच वेळी आम्हाला आकड्यांवर बोलायला उभं केलंय. आकडे म्हटले की आपल्यातले निम्मे जण उठून बाहेर जातात, हे आम्हाला माहीत आहे. आम्हीही त्यातलेच. नकाशा गटातल्या कुणालाच शाळेत गणितात फार मार्क नव्हते. म्हणून घाबरू नका. भागाकार फोन करतो. कशाला कशाने भागायचं एवढंच आपण लक्षात ठेवायचं.

आधी एक गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे.

जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर एक आजी आहे. नाव सांगत नाही. नवरा वारला, मुलगा पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातो. उतारावरच्या दीड एकराच्या प्लॉटवर ती नागली आणि वरई करते. प्लॉट तिच्या सासऱ्यापासूनचा. तिने दावा भरला, ग्रामसभेचा ठराव झाला. आमच्यातले दोघे जीपीएस यंत्र घेऊन गेले, चार कोपऱ्यांवर उभे राहिले. एकाने यंत्रावरचे आकडे वहीत उतरवले. दुसऱ्याने रात्री वहीतून ते फोनच्या नोंदीत घातले. फोनमधून ते कॉम्प्युटरवर गेले, नकाशा छापून निघाला, दाव्याला जोडला.

काही महिन्यांनी तालुक्याहून कागद आला. नकाशातली जागा या गावाच्या हद्दीत नाही, म्हणून दावा अमान्य.

आजी म्हणाली, "अरे पोरांनो, माझी जमीन गेली कुठं? सकाळी तर मी तिथंच होते."

आम्हाला राग आला. आम्ही पन्नास जण घेऊन कचेरीत गेलो, साहेबांना घेराव घातला. साहेबांनी कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला आणि म्हणाले, तुमचाच नकाशा आहे, तुम्हीच बघा. बघितलं तर आजीचा प्लॉट जव्हारपासून चाळीस किलोमीटर दक्षिणेला आणि दहा किलोमीटर पश्चिमेला, पार वाड्याच्याही खाली जाऊन बसला होता. घोषणा तोंडातल्या तोंडात राहिल्या.

झालं काय होतं? यंत्रावर होतं १९°५४′३६″. वहीत लिहिताना घाईत ते झालं १९.५४.३६. फोनमध्ये घालताना मधला एक ठिपका गळाला आणि झालं १९.५४३६. (हे आकडे आजीच्या प्लॉटचे नाहीत. समजायला सोपे पडावेत म्हणून त्याच बाजूचे दुसरे घेतले आहेत. चूक मात्र हीच.) आकडे तेच, क्रम तोच, एकही आकडा चुकला नाही. चुकली ती लिहायची पद्धत. त्यामुळे एका म्हातारीची जमीन नकाशावरून उठून दुसऱ्या तालुक्यात गेली.

आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच: जीपीएसचे आकडे लिहायच्या चार पद्धती आहेत, त्या ओळखता आल्या पाहिजेत आणि एकीतून दुसरीत नेता आल्या पाहिजेत. हे काम बाहेरच्या माणसावर सोडून चालणार नाही.

साडेनऊ म्हणजे नऊ पॉइंट तीस नव्हे

तुम्हाला हे गणित आधीच येतं, फक्त वेगळ्या नावाने.

घड्याळ घ्या. साडेनऊ वाजले की घड्याळात ९:३० दिसतं. पण मजुरी तासावर असेल आणि साडेनऊ तास काम केलं असेल, तर हिशेबात ९.५ तास धरायचे. मुकादमाने ९.३० धरले तर त्याने आपली बारा मिनिटं खाल्ली. कारण तासाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे.

जमीन घ्या. एक एकर वीस गुंठे म्हणजे किती एकर? दीड. कुणी १.२० एकर लिहिलं तर बारा गुंठे गेले. कारण एकराचे गुंठे चाळीस.

जीपीएसचंही तसंच. नकाशावर पृथ्वीला आडव्या आणि उभ्या रेघा मारल्या आहेत. आडव्या रेघा म्हणजे अक्षांश. आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहोत ते त्यावरून कळतं. उभ्या रेघा म्हणजे रेखांश. इंग्लंडातल्या ग्रीनिचपासून आपण किती पूर्वेला आहोत ते त्यावरून कळतं. जव्हारकडे अक्षांश १९ च्या पुढे, रेखांश ७३ च्या पुढे. एका अंशाची साठ मिनिटं, एका मिनिटाचे साठ सेकंद. नावं घड्याळातली असली तरी हा वेळ नव्हे, हे अंतर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त. एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. आपल्या भागात रेखांशाचं अंतर याहून थोडं कमी भरतं, सेकंदाला सुमारे २९ मीटर.

म्हणजे एका सेकंदाची चूक झाली तर आपला बांध शेजाऱ्याच्या खाचरात जातो. एका मिनिटाची झाली तर शेजारच्या गावात.

चार पद्धती कशा ओळखायच्या

पहिली: तीन तुकडे. अंश, मिनिट, सेकंद. १९°५४′३६″. अंशाला वर बारीक गोल, मिनिटाला एक छोटी रेघ, सेकंदाला दोन. जुन्या कागदांवर आणि छापील नकाशांवर बहुधा ही दिसते.

दुसरी: दोन तुकडे. अंश, आणि मिनिटाला पॉइंट. १९°५४.६००′. हातातल्या जीपीएस यंत्रावर बऱ्याचदा हीच लावलेली असते. ही सगळ्यांत फसवी. तिचं पुढे सांगतो.

तिसरी: एकच तुकडा. सगळा अंश, पुढे दशांश. १९.९१०००. फोनमधल्या नकाशाला ही सगळ्यांत सोपी जाते. फोनच्या नोंदीत आपण हीच ठेवायची.

चौथी: अंशच नाहीत, नुसते मोठे आकडे. एक सहा आकडी, एक सात आकडी. हे मीटर असतात. पद्धतीचं नाव यूटीएम. मोजणीवाले आणि फॉरेस्टवाले ही वापरतात, कारण तिच्यातून क्षेत्रफळ सरळ काढता येतं.

वरच्या पहिल्या तिन्ही आकड्यांची जागा एकच आहे. १९°५४′३६″, १९°५४.६००′ आणि १९.९१००० हे तीन पत्ते एकाच उंबराचे.

एकीतून दुसरीत कसं न्यायचं

फोन काढा, कॅल्क्युलेटर उघडा. आमच्याबरोबर करा.

तीन तुकड्यांवरून एक तुकडा. मिनिटाला ६० ने भागायचं, सेकंदाला ३६०० ने भागायचं, दोन्ही अंशात मिळवायचे.

अक्षांश १९°५४′३६″:
५४ भागिले ६० = ०.९
३६ भागिले ३६०० = ०.०१
१९ + ०.९ + ०.०१ = १९.९१

रेखांश ७३°१४′२४″:
१४ भागिले ६० = ०.२३३३३
२४ भागिले ३६०० = ०.००६६७
७३ + ०.२३३३३ + ०.००६६७ = ७३.२४

३६०० का? साठ सेकंदांचं एक मिनिट, साठ मिनिटांचा एक अंश. साठ साठे छत्तीसशे. बस.

दोन तुकड्यांवरून एक तुकडा. इथे एकच भागाकार. १९°५४.६००′: ५४.६ भागिले ६० = ०.९१. अंशात मिळवा, १९.९१.

उलट जायचं असेल, म्हणजे एका तुकड्यावरून तीन, तर भागायच्या जागी गुणायचं. १९.९१ मधला १९ बाजूला ठेवा. उरला ०.९१. त्याला ६० ने गुणा, आले ५४.६. त्यातला ५४ म्हणजे मिनिट. उरला ०.६. त्याला पुन्हा ६० ने गुणा, आले ३६. ते सेकंद. झालं १९°५४′३६″.

उलटसुलट दोन्ही करून पाहायचं. गेलो तिथून परत त्याच जागी आलो तर गणित बरोबर. नाही आलो तर वाटेत कुठेतरी पडलो.

एक घरी करायला देतो. अक्षांश १९°५३′४७″, रेखांश ७३°१२′०९″. उत्तर यायला हवं १९.८९६३९ आणि ७३.२०२५०. रेखांशातल्या ०९ चं शून्य गाळू नका. ७३१२९ असं चिकटवून लिहिलंत तर ते १२ मिनिट ९ सेकंद की १ मिनिट २९ सेकंद, हे देवालाही कळणार नाही.

कुठे कुठे पाय घसरतो

पहिली चूक आजीच्या प्लॉटची. तीन तुकडे चिकटवून एक केला. ती सांगून झाली.

दुसरी चूक दोन तुकड्यांची. यंत्रावर आहे १९°५४.३६०′. माणूस म्हणतो, पॉइंटनंतर ३६ आहे, म्हणजे ३६ सेकंद. नाही! ०.३६ मिनिट म्हणजे ०.३६ गुणिले ६०, म्हणजे २१.६ सेकंद. फरक १४.४ सेकंदांचा. जमिनीवर तो जवळजवळ साडेचारशे मीटर होतो. आजीची चूक मोठी होती म्हणून लगेच दिसली. साडेचारशे मीटरची चूक तालुक्यात कुणाच्या नजरेत येत नाही. प्लॉट गावातच राहतो, पण ओहोळाच्या पलीकडे, दाट जंगलात जातो. मग उपग्रहाच्या फोटोत तिथे झाडंच झाडं दिसतात आणि शेरा येतो, इथे शेती नाही. ही चूक पट्टा खाते आणि आवाजही करत नाही.

तिसरी चूक उलट क्रमाची. फोनच्या नकाशात आधी अक्षांश, मग रेखांश. पण नकाशाच्या काही फाइलींत, केएमएल म्हणतात त्यात, आधी रेखांश लिहायचा असतो. क्रम उलटा झाला तर आपण ७३ अक्षांशावर जातो. एका पोराने असं केलं तेव्हा त्याचा पाडा नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात निघाला. सगळे हसलो. पण फाइल तशीच गेली असती तर हसू आलं नसतं. आपल्याकडे खूण सोपी आहे: लहान आकडा अक्षांश, मोठा आकडा रेखांश. पूर्ण महाराष्ट्रात असंच आहे.

चौथी चूक यूटीएमची. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडले आहेत, एकूण साठ. प्रत्येक पट्ट्यात मोजणी नव्याने सुरू होते. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत येतो, ४३ आणि ४४. दोघांची शिव ७८ रेखांशावर. आपण ४३ मध्ये. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. पट्ट्याचा नंबर न लिहिता नुसते मीटर लिहिले तर तेच आकडे दोन्ही पट्ट्यांत बसतात. आपल्या उदाहरणातला उंबर यूटीएममध्ये पूर्वेचे सुमारे ३ लाख १५ हजार ८०० मीटर आणि उत्तरेचे सुमारे २२ लाख २ हजार ५०० मीटर असा येतो. पट्टा ४३ च्या जागी ४४ धरला तर हा उंबर थेट चंद्रपूर शहराजवळ जाऊन उगवतो! म्हणून यूटीएमचा आकडा दिसला की आधी विचारायचं, पट्टा कुठला? यूटीएमवरून अंशात न्यायचं गणित मोठं आहे, ते कॅल्क्युलेटरवर करू नका. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' असतं, तिथे पद्धत बदलली की यंत्र स्वतःच बदलून दाखवतं. पट्टा बरोबर आहे की नाही, हे पाहायचं काम मात्र आपलं.

पाचवी चूक जुन्या नकाशाची. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे वेगळा पाया धरून काढलेले आहेत. आताची जीपीएस यंत्रं जो पाया धरतात त्याचं नाव डब्ल्यूजीएस ८४. जुन्या नकाशावरचा आकडा तसाच फोनमध्ये घातला तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. जुन्या नकाशावरून आकडा घेतला असेल तर शेजारी तसं लिहून ठेवा.

सहावी चूक आकडे कापायची. लिहायचा कंटाळा म्हणून १९.९१०४५ चं १९.९१ केलं. पॉइंटनंतर दोन आकडे ठेवले तर अचूकता एक किलोमीटरची. तीन ठेवले तर शंभर मीटरची. चार ठेवले तर अकरा मीटरची. पाच ठेवले तर एक मीटरची. दोनच ठेवले तर दीड एकराचे चारही कोपरे एकाच ठिपक्यात जातात, प्लॉटच राहत नाही. म्हणून पाच ठेवायचे. शेवटी शून्य आलं तरी शून्यासकट लिहायचं.

पण आकडा म्हणजे देव नव्हे

पॉइंटनंतर पाच आकडे आले म्हणजे यंत्राने एका मीटरपर्यंत खरं सांगितलं, असं समजू नका. साधा फोन किंवा हातातलं यंत्र उघड्या माळावरही पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. झाडाखाली, घळीत, उंच डोंगराच्या कुशीत त्याहून जास्त.

लहान प्लॉटला हे फार लागतं. वीस गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट म्हणजे साधारण ४५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद. दोन्हीकडून पाच-पाच मीटर कमी धरले गेले तर राहिले ४० गुणिले ४०. झाले सोळा गुंठे. चार गुंठे हवेत गेले. चार गुंठ्यांत किती नागली होते ते आम्ही बायकांना सांगायला नको.

म्हणून कोपऱ्यावर पोचल्या पोचल्या आकडा घेऊ नका. दोन-तीन मिनिटं शांत उभे राहा, आकडा स्थिर होऊ द्या. प्लॉटला एक नाही, दोन फेऱ्या मारा. आणि टेपने बाजूही मोजा. यंत्र आणि टेप भांडले तर पंचनाम्यात दोन्ही लिहा.

फोनमध्ये नोंद कशी ठेवायची

एका कोपऱ्याला एक ओळ. अशी:

कोपरा १, उंबराजवळ. यंत्रावर: १९°५४′३६″ उ, ७३°१४′२४″ पू. दशांश: १९.९१०००, ७३.२४०००. डब्ल्यूजीएस ८४. तारीख. घेणाऱ्याचं नाव.

यात काही गोष्टी पक्क्या धरा.

यंत्रावर जसं दिसलं तसं आधी लिहायचं. बदललेला आकडा त्याच्या शेजारी. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही. बदलताना चूक झाली तर मागे जायला वाट हवी. आजीच्या वेळी वही जपून ठेवली होती म्हणून चूक सापडली. यंत्राच्या पडद्याचा फोटोही काढून ठेवा.

दशांशाचा आकडा फोनमध्ये इंग्रजी आकड्यांत घाला. पॉइंट म्हणजे खालचा एकच ठिपका. दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम. अशी ओळ उचलून नकाशाच्या शोधाच्या जागी टाकली की जागा समोर येते. पुन्हा हाताने टाइप करू नका. जेवढ्या वेळा हाताने उतरवाल तेवढ्या वेळा चूक आत शिरेल.

कोपरे फिरत्या क्रमाने घ्या, बांधाबांधाने. एक, दोन, तीन, चार. उडी मारून घेतले तर नकाशावर प्लॉटचा डमरू होतो आणि क्षेत्रफळ चुकतं.

प्रत्येक कोपऱ्याला खूण लिहा. मोहाचं झाड, काळा दगड, ओहोळाचं वळण. यंत्र बिघडेल, फोन फुटेल, खूण राहील.

आणि हे आकडे गावचे आहेत. दिसेल त्या ग्रुपवर टाकत बसू नका. समितीच्या वहीत एक प्रत, संघटनेकडे एक, दावेदाराच्या घरी एक.

ग्रामसभेने कसं तपासायचं

यासाठी गणित लागत नाही.

गावात शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर गावठाणाच्या एका जागेचे आकडे तिन्ही पद्धतींनी रंगवून ठेवा. गावातला कुठलाही प्लॉट त्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असणार. म्हणजे पॉइंटनंतरचा पहिला आकडा बहुधा तोच येईल आणि दुसऱ्यात दोन-तीनचा फरक पडेल. कधी १९.८९ आणि १९.९१ असंही होईल, तो दोनचाच फरक. पण भिंतीवर १९.९१ आणि दाव्यात १९.५४ असेल तर शाळेतलं पोरही ओरडेल, हा आपला नाही!

तीन तुकड्यांच्या आकड्यात मिनिट किंवा सेकंद ६० किंवा त्याहून मोठा दिसला तर तिथेच थांबा. असं होऊच शकत नाही.

मग फोनवर उपग्रहाचा फोटो उघडा आणि दावेदाराला दाखवा. आजीला लिहिता येत नाही. पण तिला फोटोत ओहोळ दाखवला, वाट दाखवली, तर तिने स्वतः बोट ठेवलं, "हा माझा उंबर." नकाशावरची शेवटची सही आम्ही त्या बोटाला समजतो. शेजारी प्लॉटवाल्यांनाही बोलवा. त्यांची हद्द कुठे, तुझी कुठे, तिथल्या तिथे बोलणं होऊन जातं.

सरकारी मोजणी आली तर यंत्र हातात असलेल्या साहेबाला तीन प्रश्न विचारा. आकडे कुठल्या पद्धतीत? पाया डब्ल्यूजीएस ८४ का? यूटीएम असेल तर पट्टा कुठला? उत्तरं आणि आकडे तिथेच पंचनाम्यात लिहून घ्या. पंचनाम्याची प्रत मागा. भांडायचं नाही, नीट विचारायचं.

कायद्यात याची जागा कुठे

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. इतकं आकड्यांवर बोललो म्हणून कुणी असं समजू नये की आकडा नाही तर हक्क नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्यांची सुरुवात ग्रामसभेकडून होते. व्यक्तिगत दाव्याला अट १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनच्या कब्ज्याची, मर्यादा ४ हेक्टरची, आणि जमीन प्रत्यक्ष कसत असू तेवढीच. नियम २००८ चे, दुरुस्ती २०१२ ची. त्या दुरुस्तीत सरळ लिहिलंय की उपग्रहाचे फोटो आणि तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नाही. एखादाच ठरावीक कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येत नाही. बांध, खाचर, घर, विहीर, देवाचं ठिकाण, पूर्वजांची स्मशानाची जागा, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, हे सगळे पुरावे आहेत. जीपीएस त्यांच्या बाजूला बसतं, डोक्यावर नाही.

मग इतकी मेहनत कशाला? कारण चुकीचा नकाशा आपणच त्यांच्या हातात दिला तर तो आपल्याविरुद्ध वापरला जातो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि दावे कुठल्या रीतीने फेटाळले ते राज्यांना सांगायला लावलं. त्या पंधरा दिवसांत पाड्यापाड्यांवर लोक झोपले नव्हते, आठवतं ना? 'अमान्य' हा शब्द कागदावर लहान दिसतो. त्याच्यामागे घर असतं. आपल्या एका ठिपक्याच्या चुकीने तो शब्द कुणाच्या नावापुढे लागू नये.

आणि लागला तर गप्प बसायचं नाही. फेटाळण्याचं कारण लेखी मिळालं पाहिजे. ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिथे नाही झालं तर पुढच्या ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही.

आजीचंही आम्ही तसंच केलं. नवा नकाशा काढला, तिन्ही पद्धतींचे आकडे त्यावर लिहिले. जुनी वही जोडली. चूक आमची होती असं स्वतः लिहून दिलं. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले, त्यांनी तिच्या सासऱ्याला त्या उतारावर राब भाजताना पाहिलंय. मुदतीच्या आत अर्ज दिला. प्रकरण फेरतपासणीसाठी परत ग्रामसभेकडे आलं आहे. पट्टा अजून हातात नाही, खोटं कशाला सांगू? पण या वेळी नकाशावरचा उंबर उंबराच्याच जागी उभा आहे.

साथींनो, आपल्या म्हाताऱ्यांना शिव माहीत होती. कुठल्या दगडापासून कुठल्या टेकडीपर्यंत आपलं, हे त्यांना पाठ होतं, पण ते ज्ञान कचेरीत कुणी मानलं नाही. आता कचेरी आकडे मागते. ठीक आहे, आकडे देऊ. पण ते आकडे आपल्याच पोरापोरींनी घेतलेले, आपल्याच समितीने बदललेले आणि आपल्याच ग्रामसभेने तपासलेले असतील. प्रत्येक समितीतून दोघे, त्यातली एक मुलगी, आज संध्याकाळी आमच्यापाशी थांबा. कंदील लावून उदाहरणं सोडवू. उद्या सकाळी इथल्याच एका प्लॉटवर जाऊ, चार कोपरे घेऊ, तिन्ही पद्धतींनी लिहू आणि मालकिणीकडून तपासून घेऊ.

येताना फोन चार्ज करून आणा. आणि वही-पेन आणायला विसरू नका.

जिंदाबाद!